रिकाम्या छातीने

सोनोग्राफीत बाबांच्या यकृतावर गाठ दिसली, त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "यंदा पुनवेला दर्याला नारळ तू सोड." आमच्या घरात नाव जो चालवतो तोच नारळी पौर्णिमेला नारळ सोडतो. मी शाळेत गणित शिकवतो आणि नावेत बसलो की बंदर सुटायच्या आत ओकतो. त्यामुळे बाबा काय म्हणताहेत ते मला नीट कळलं आणि मी फार घाबरलो.

गाठ कसली ते एमआरआयमध्ये कळणार होतं. अलिबागला बाबांना त्या नळीत सरकवलं. काचेअलीकडून तंत्रज्ञ बाई माइकवर सांगायच्या, "श्वास घ्या, पूर्ण सोडा, आता धरा." श्वासाबरोबर यकृत हलतं, म्हणून दर वेळी ते एकाच जागी थांबायला हवं. पण प्रत्येक चित्रात ते निराळ्याच जागी. वर "श्वास घ्या" म्हटलं तरी बाबा आपले धरूनच.

"आजोबांना ऐकू कमी येतं का?" बाई म्हणाल्या. माझं डोकं फिरलं, पण आत गेलो.

"सोडून मग धरायचा, बाबा."

"श्वास सोडून कोन बुडी मारतो? मराचं हाय काय?"

तेव्हा उजेड पडला. पंख्यात जाळं अडकलं की कोयती घेऊन नावेखाली जाणारा माणूस तो. 'धरा' ऐकलं की छाती गच्च भरून घेत होता.

"आज बुडी न्हाय. वर येऊन श्वास सोडता ना, तितंच थांबा."

"आदी सांगाचं ना," ते म्हणाले. मग इतके स्थिर राहिले की बाई खूश झाल्या आणि त्यांनी शिरेतून चित्रात उठून दिसणारं औषध सोडलं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी चित्रं दाखवली. औषध गाठीत कडेकडून आत हळूहळू भरत गेलं होतं, म्हणजे ती रक्तवाहिन्यांची साधी गाठ. कॅन्सर नाही, उपचारही नको.

"खाजनात भरती चढते तशी," बाबा पडद्याकडे बघत म्हणाले. मी बाहेर जाऊन रडलो आणि मग दोन चहा प्यायलो.

नारळाबद्दल मात्र ते पुढे काहीच बोलले नाहीत. पौर्णिमेला सोनेरी कागदातला नारळ घेऊन मी मुकाट पाण्यापर्यंत गेलो. गुडघाभर पाण्यात बाबांनी हात पुढे केला.

"आन तो हिकडं. तुला वकारी येल."