बाबा, विषयाचं नाव सांगा!

जेंडर स्टडीजमध्ये एमए करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. विषयाचं नाव सांगितलं की समोरचा एक तर हसतो, नाही तर आपण आजवर घरात काय काय बोललो ते आठवून गप्प बसतो. दोन्हीकडून किस्सा आपलाच! दिल्लीतल्या कॉलेजात दुसरं वर्ष चालू आहे आणि आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

*

सुरुवात घरापासून. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर. फाइलवर कुठलाही शब्द न अडखळता लिहितील, पण माझ्या विषयाचं नाव त्यांच्या तोंडून निघत नाही.

एकदा दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कॅन्टीनमध्ये मुंबईहून आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "मुलगी काय करते?"

"एमए."

"कशात?"

"आर्ट्समध्ये," बाबा म्हणाले आणि त्यांच्यापुढे वडा सरकवला. "घ्या ना, गरम आहे."

शेजारीच बसलेल्या मला फार वाईट वाटलं. लपवून ठेवावं असं मी काही करत नव्हते. बाबांनी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत सांगावं की माझी मुलगी हे शिकते, एवढीच माझी इच्छा. मी हट्टी आहे, त्यामुळे वाट बघायला तयार होते.

*

वर्गात मुलगा एकच, इरफान. मूळचा उदगीरचा. यूपीएससीसाठी दिल्लीला आला, प्रिलिम्समध्ये अडकला आणि आमच्याकडे वळला. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून गट्टी जमली.

मॅडमनी सार्वजनिक जागांचं निरीक्षण करायला सांगितलं, तर हा पठ्ठ्या वही-पेन घेऊन थेट मेट्रोच्या लेडीज डब्यात! एका आंटींनी त्याला दारातच अडवलं.

"आंटी, मैं जेंडर स्टडीज पढ़ता हूँ," इरफान छाती काढून म्हणाला.

"बहुत अच्छा, बेटा," आंटी म्हणाल्या. "पीछे वाले डिब्बे में जाकर पढ़!"

*

घरकामावरचं युनिट शिकवून झालं, त्याच आठवड्यात इरफानने आपल्या रूमवर भांडी घासायच्या पाळ्या लावल्या. रूममेट सगळे आपल्याकडचेच आणि सगळे यूपीएससीवाले. श्रमाची वाटणी, समानता वगैरे त्याने अर्धा तास समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग एकजण पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाला, "यार, सिलॅबसमध्ये 'महिलांची भूमिका' आहे. भांडी कुठंयत?"

*

आमच्या मॅडम एकदम कडक. एकदा 'घरातलं अदृश्य काम' हा टॉपिक सुरू करणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि स्पीकर ऑन केला.

पलीकडून त्यांचे मिस्टर. "सुनो, चीनी कहाँ रखी है?"

"गैस के ऊपर वाली अलमारी में. जहाँ शादी के बाद से रखी है!"

फोन ठेवून मॅडम फळ्याकडे वळल्या. "तो, इंट्रोडक्शन हो गया."

*

मध्यंतरी मला एक स्थळ आलं होतं. मुलगा नोएडाला आयटीत, सोबत त्याची आई. बाबांनी बायोडेटात अर्थातच नुसतं 'एमए' लिहिलेलं! विषय मीच सांगितला. बाबा पोह्यांत शेंगदाणे शोधायला लागले.

मुलगा घाईघाईने म्हणाला, "मी एकदम ब्रॉडमाइंडेड आहे. घरात आईला खूप हेल्प करतो."

"अच्छा! म्हणजे घर एकट्या आईचंच आहे का?" मी विचारलं.

त्याची आई इतकी हसली की चहा सांडला. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "अगं, मुलगा नाही म्हणतोय. पण तू माझ्याशी बोलत जा!"

*

आणि हा पानिपतचा. दर जानेवारीत दिल्लीतली बरीच मराठी माणसं पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातात. आमच्या कॉलनीची बस बाबा काढतात. फेटे, झेंडे, नाश्त्याची पाकिटं, त्यांची व्यवस्था म्हणजे बघायलाच नको!

यंदा कडाक्याची थंडी होती. ढाब्यावर बस थांबली, पुरुष मंडळी उतरून चहावर तुटून पडली. बायका बसमध्येच. "नको हो, आत्ताच झाला," असं प्रत्येकीचं.

मी खाली उतरून बाबांना विचारलं, "बायका चहा का घेत नाहीत?"

"आवडत नसेल प्रवासात."

खिडकीतून आईने ऐकलं. "अहो, घरी तीन-तीनदा पिते मी. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही. कुणीच घेतलेला नाही."

"का?"

"जायचं कुठे वाटेत?"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. इतकी वर्षं बस काढणारा माणूस! ढाब्यामागे गेले, आत बघून आले आणि म्हणाले, "दाराला कडी नाही. चला."

पुढच्या ढाब्यावर स्वतः उतरले. "पाणी नाही. चला."

त्याच्या पुढच्या ठिकाणी तर बाकीचे उतरायच्या आधीच हात हलवत परत फिरले. मागून कुलकर्णीकाका ओरडले, "अहो साहेब, अशानं आपण पोहोचेपर्यंत लढाई संपेल!"

शेवटी एका पेट्रोल पंपावर बाबा आत जाऊन, कडी लावून, नळ सोडून बघून आले. "आधी महिला वर्ग. आणि आज चहाही आधी त्यांनाच!"

बायका हसत-खिदळत उतरल्या. जाताना पर्स कुठे ठेवायच्या, म्हणून एकेकीने बाबांच्याच हातात दिल्या. आईने नंतर शेजारच्या टपरीवर लागोपाठ दोन कप चहा घेतला.

रिकाम्या हाताने ताटकळत उभे असलेले कुलकर्णीकाका वैतागून म्हणाले, "हे सगळं तुमच्या लेकीचं दिसतंय! ती कॉलेजात नक्की शिकते तरी काय हो?"

दोन्ही खांद्यांवर पर्स लटकवलेले बाबा रांगेवरची नजर न काढता म्हणाले, "हेच."