आवडता विषय, फ्रेंचमध्ये

आमच्या अलिबागच्या हायस्कुलात त्या काळी जी मुलं फ्रेंच घेत, त्यांच्यापैकी एकाच्याही मनात फ्रान्सला जायचं नव्हतं. संस्कृतात मार्क कापतात आणि फ्रेंचमध्ये सढळ हाताने देतात, असा गावात समज होता. तो कुणी तपासून पाहिलेला नव्हता. मी तिजोरीच्या कचेरीत नोकरीला. न तपासलेली गोष्ट मला खुपते. मी हेडमास्तरांकडे जाऊन दोन्ही भाषांचे निकाल मागितले. ते म्हणाले, "तुमच्या घरची मुलगी फ्रेंच घेतेय ना? मग आता निकाल बघून काय करणार?"

घरची मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला फ्रेंच घेऊ दिलं ते मार्कांसाठीही नव्हतं. आमच्या वडिलांना, अण्णांना, मुंबईच्या एका स्नेह्याने सांगितलं होतं की हल्ली तिकडची स्थळं मुलीला पेटी वाजवता येते का, हे विचारतच नाहीत. पेटी सगळ्याच वाजवतात. काहीतरी वेगळं हवं. अण्णांनी पेटीचा बेत सोडून फ्रेंच धरलं. पेटी विकत घ्यावी लागते आणि फ्रेंचचं पुस्तक मागून आणता येतं, हाही विचार त्यात असावा.

त्या पुस्तकात शाळेवरचा एक धडा होता. मास्तरांना तो फार आवडे. वर्गात तो, तपासणीला तो, तोंडी परीक्षेलाही तोच. संध्याकाळी ओटीवर बहीण तो पाठ म्हणायची आणि मी पुस्तक धरून बसायचो. समासात कुणीतरी पेन्सिलीने इंग्रजी अर्थ लिहून ठेवले होते, त्यामुळे थोडं मलाही कळू लागलं. आठवडाभर तेच ऐकून माझी अशी समजूत झाली की फ्रान्समधली माणसं कामधंदा करत नाहीत. ती एकमेकांना थांबवून शाळेतल्या विषयांची चौकशी करतात. आज इतिहास आहे का? भूगोल अवघड वाटतो का? आवडता विषय कोणता? 'केल मातिएर एमे-व्हू?'

धड्यात एक मुलगा होता आणि एक मुलगी. मुलाला गणित आवडे. मुलीला संगीत आणि शिवण आवडे, आणि गणिताने तिचं डोकं दुखे. मास्तरांचा नियम असा की मुलांनी मुलाची वाक्यं म्हणायची आणि मुलींनी मुलीची. बहीण वर्गात निमूटपणे डोकं दुखतं म्हणायची. घरी मात्र ती मुलाची वाक्यं म्हणे.

"परीक्षेत चूक होईल हं," मी म्हणायचो.

"दादा, वर्गातलं उत्तर मास्तरांचं आहे. हे माझं आहे."

गणित तिला खरोखरच येत होतं. मॅट्रिक होऊन पुढे कॉलेजात गणितच घ्यायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. अण्णांनी दुसरंच ठरवलं होतं. मार्चमध्ये परीक्षा; त्याआधी स्थळ जमलं तर माघात लग्न, आणि मग परीक्षा कशाला? फी भरायची मुदत अजून शिल्लक होती. अण्णा रोज म्हणत, "बघू." बघू म्हणजे स्थळाकडे.

पौषाच्या तोंडावर एक स्थळ चालून आलं. मुलगा मुंबईत एका आगबोटीच्या कचेरीत होता, आणि कॉलेजात त्याने फ्रेंच घेतलं होतं. अण्णांना वाटलं, पुस्तक मागून आणल्याचं सार्थक झालं. त्यात मुलाच्या वडिलांनी आधीच कळवलं होतं, "आम्ही सुधारलेले आहोत. पत्रिका वगैरे मानत नाही. मुलगी सुशिक्षित असली म्हणजे झालं." अण्णांनी पत्रिका काढून पुसून ठेवली होती, ती परत पेटाऱ्यात गेली.

रेवसच्या लाँचने मंडळी आली: मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. मामांना लाँच लागली होती, तरी बोलत तेच होते. ओटीवर सतरंजी घातली, शहाळी फोडली, आईने ओलं खोबरं पेरून पोह्यांच्या बश्या पाठवल्या. बहीण येऊन पाटावर बसली. नाव, वय, स्वयंपाक हे सगळं रीतसर झालं. मग मामा म्हणाले, "आता आमच्या भाच्याला विचारू द्या. फ्रेंचमध्ये! आम्हांला काही कळणार नाही, पण ऐकू तरी."

मुलगा सावरून बसला. घसा खाकरून म्हणाला, "केल मातिएर एमे-व्हू?"

मी बहिणीकडे पाहिलं. ती चक्क हसत होती. तिने उत्तर दिलं, "जेम ले मातेमातीक."

"काय म्हणाली?" मुलाच्या आईने विचारलं.

"तिला संगीत आवडतं," मुलगा म्हणाला. "आणि शिवण."

आता, मला फ्रेंच येत नाही. पण मातेमातीक म्हणजे गणित, एवढं इंग्रजी चार यत्ता शिकलेल्यालाही ऐकून कळावं. दिलेलं उत्तर एक आणि सांगितलेलं दुसरं. ताळा काही जमेना. मग माझ्या ध्यानात आलं. याचंही पुस्तक तेच होतं! त्यातली मुलगी जे म्हणते तेच समोरची मुलगी म्हणणार, असं धरून त्याने ऐकण्याचे कष्टच घेतले नव्हते. त्याची आई खूष झाली. "हो का? घरात शिवणाचं यंत्र पडूनच आहे," ती म्हणाली.

बहिणीने मान वर केली. "ए व्हू, मस्य?" असं म्हणून तिने सावकाश, एकेक शब्द वेगळा करून पुढचा प्रश्न विचारला.

त्या धड्यात मुलगी मुलाला काही विचारतच नाही. समोरच्या मुलाने छताकडे पाहिलं, मग बशीकडे.

"आता काय म्हणतेय?" मामा.

"म्हणते," मुलगा म्हणाला, "पाहुण्यांनी आणखी पोहे घ्यावेत."

"वा! वळण चांगलं आहे," मामा म्हणाले. आईने आतून ऐकलं आणि बिचारी लगबगीने पातेलंच घेऊन बाहेर आली. लाँच लागलेल्या मामांच्या बशीत तिने मोठा डाव वाढला. नको म्हणायची सोय नव्हती. मुलीचा आग्रह होता, तोही फ्रेंचमध्ये.

बहीण स्वच्छ मराठीत म्हणाली, "पोह्यांचं मी काही बोलले नाही. मला गणित आवडतं. आणि यांना शाळेत कोणता विषय आवडायचा, एवढंच मी विचारलं."

मुलाची आई अण्णांकडे वळली. "अहो, बघायला आम्ही आलोय की आम्हांला बघायला बोलावलंय?"

"तसं नाही, वहिनी, लहान आहे ती—"

"लहान? आमच्या मुलाची परीक्षा घेतेय!"

मुलगा मात्र पोहे खात राहिला. आवडता विषय त्याने शेवटपर्यंत सांगितला नाही. मराठीतही नाही.

मंडळी गेल्यावर अण्णा दोन दिवस बहिणीशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलले ते एवढंच: "तुला कळत होतं ना? मग तिला खुणावता येत नव्हतं?" मी म्हटलं, "कशाबद्दल खुणावू? तिचं बरोबर होतं." त्यावर ते वाडीत निघून गेले आणि सुपाऱ्या उगाचच पुन्हा पसरून आले. आई म्हणे, आता दुसरं स्थळ बघा, फीचं नाव काढू नका. मुदत संपत आली होती. बहीण काही मागत नव्हती, फक्त ओटीवर बसून गणितं सोडवत होती, आणि पाटी अण्णांना दिसेल अशी धरत होती.

मग मुंबईहून पत्र आलं. अण्णांनी ते उभ्यानेच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. "कळवताना खेद होतो," ते मोठ्याने वाचू लागले, "की मुलगी सर्वगुणसंपन्न असली तरी पत्रिका जमत नाही."

"पत्रिका?" आई म्हणाली. "ती तर पेटाऱ्यात आहे."

"तेच म्हणतोय मी!" अण्णा ओरडले. मुलीच्या प्रश्नाने ते इतके चिडले नव्हते. "न दिलेली पत्रिका जमली नाही! उद्धट आहे म्हणायचं होतं, सरळ म्हणायचं. मी ऐकून घेतलं असतं. ही कसली सुधारणा?"

दुसऱ्या दिवशी मी कचेरीला निघायच्या आधीच ते स्वतः शाळेत गेले आणि फी भरून आले. घरी येऊन छत्री खुंटीला लावली. बहीण दारात उभी होती. तिला चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण ती एकदम वाकून त्यांच्या पाया पडली.

"पुरे, पुरे," अण्णा म्हणाले. "परीक्षेला बस. पण एक सांगतो. यापुढे कुणाला काही विचारायचं असेल तर आधीच मराठीत विचारत जा. पातेलंभर पोहे फुकट गेले."