येतो म्हणून गेलो

दोन हजार वीसच्या उन्हाळ्यात आम्ही क्रीटला जाणार होतो. ग्रीसच्या त्या बेटावर डोंगर थेट समुद्रातून उठतात आणि त्यांच्यावरून चालत या गावाहून त्या गावी जाता येतं, असं कुठेतरी वाचून नवऱ्याने आदल्या हिवाळ्यातच नवे बूट आणून ठेवले होते. मार्चमध्ये सगळं बंद झालं. तरी बूट मऊ करायचा कार्यक्रम त्याने सोडला नाही. ऑफिसच्या मीटिंग चालू असताना तो आयर्लंडमधल्या कासलबारच्या आमच्या भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर, बूट घालून येरझाऱ्या घालायचा. मी वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यात काम करते, आमचं काम बंद झालं नव्हतं. शिफ्ट संपवून घरी यावं आणि झोपावं म्हटलं की डोक्यावर हे धाड धाड. क्रीटचा मला तेव्हापासूनच राग आला होता.

ऑगस्टमध्ये जरा मोकळीक मिळाली तेव्हा आम्ही अ‍ॅकिलला जायचं ठरवलं. ते आमच्याच मेयो काउंटीतलं बेट, गाडीने तासाभरावर. मध्ये पूल आहे, त्यामुळे त्याला बेट म्हणावं की नाही यावर नवरा वाद घालायला तयार होता. पण डोंगर तसेच होते, समुद्रातून सरळ वर गेलेले. मी म्हटलं, "क्रीटच समज. फक्त ऊन वजा कर."

नवऱ्याच्या ऑफिसातला एक मित्र बरोबर होता. त्याचा गुडघा दुखत होता, म्हणून तो चढणार नव्हता. बेत असा, की त्याने आम्हाला सकाळी डोंगराच्या या बाजूला सोडायचं, आम्ही माथ्यावरून पलीकडे उतरायचं आणि त्याने आम्हाला तिकडून उचलायचं. बेत चांगलाच होता. फक्त तो आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हता.

डोंगराच्या पायथ्याशी शेवटचं घर एका आजोबांचं होतं. पांढरं, बुटकं, समोर दगडाची कंबरेएवढी भिंत. मित्र आम्हाला सोडून गेला होता, आम्ही बुटांच्या नाड्या आवळत होतो तर ते भिंतीपाशी आले आणि लांबूनच हात केला. सत्तरीच्या वरच्यांनी जपून राहायचं असे ते दिवस होते. बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. कुठून आलात, पुणे म्हणजे कुठे, हवा दुपारनंतर बिघडेल, धुकं आलं तर उत्तरेच्या कड्याकडे जाऊ नका, मेंढ्यांच्या वाटा फसव्या असतात. मी मान डोलावत होते. सह्याद्रीत कॉलेजभर भटकलेल्या मला, या हिरव्या टेकाडाबद्दल कुणी काय शिकवायचं, असं मनात होतं. चेहऱ्यावर मात्र मी अगदी कौतुक ठेवलं होतं.

"उतरलात की चहाला याल," आजोबा म्हणाले. "बाहेरच बसू, अंतर ठेवून. मी ब्रेड भाजणार आहे."

आता मी पुण्याची. आमच्याकडे "या एकदा घरी" याचा अर्थ "बरं, निघा आता" असा असतो आणि त्यावर "हो हो, येऊ की" म्हणतात. दोन्हीकडून कुणी मनावर घेत नाही. आणि आयर्लंडमध्ये चार वर्षं काढून मी एवढं शिकले होते, की इथेही चहाचं पहिलं बोलावणं रीतीचं असतं, लगेच हो म्हणायचं नसतं. म्हणजे हे लोक आपल्यासारखेच, असा निष्कर्ष काढून मी मोकळी झाले होते. मी तोंडभर हसून म्हटलं, "वुई विल कम, वुई विल कम."

गेट ओलांडून पुढे गेल्यावर नवरा म्हणाला, "अगं, ते खरंच बोलावून राहिले. आपण तर इकडून उतरणारच नाही. सांगून येऊ का?"

नवरा नागपूरचा. त्यांच्याकडे "या" म्हणजे "या" असतं, आणि गेलं नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

"काही नाही रे," मी म्हटलं, "बोलायची पद्धत असते."

आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण वळणावर मागे पाहिलं तर आजोबा अजून भिंतीशी उभे होते. माणसाचा असा निरोप न घेता जाणं मला बरं वाटेना. मी हात उंचावला आणि आपण दारातून निघताना म्हणतो ते माझ्या तोंडून जसंच्या तसं इंग्रजीत निघालं. "ओके! वुई विल कम!" येतो. लहानपणी मी एकदा मैत्रिणीकडे खेळायला निघताना "जाते" म्हणाले, तर आईने उंबऱ्यावरून मला परत आत बोलावलं होतं, बसवलं होतं, आणि "येते म्हणावं, जाते म्हणू नये" असं दरडावून पुन्हा सोडलं होतं. तेव्हापासून मी कुठूनही निघताना येतेच म्हणते. दवाखान्यातून, बँकेतून, जिथे पुन्हा कधी पाऊल टाकणार नाही अशा ठिकाणाहूनही.

चढण दमवणारी निघाली. पायाखाली दगड कमी आणि ओला गवताळ चिखल जास्त, प्रत्येक पाऊल आत जायचं. सह्याद्री वगैरे मी तासाभरात विसरले. माथ्यावर पोचलो तेव्हा धुकं आलंच, पण पलीकडची वाट कुंपणाला धरून होती. आम्ही तारेवरचा हात न सोडता हळूहळू उतरलो. खाली मित्र गाडीत थर्मास घेऊन बसला होता. बूट काढले, चहा प्यालो, फोटो काढले. आजोबांची आठवण मला आली नाही. नवऱ्याला आली. "चक्कर मारून येऊ का तिकडे?" तो म्हणाला. "आता या चिखलाच्या अवतारात कुठे," मी म्हटलं, आणि आम्ही मुक्कामाच्या कॉटेजवर जाऊन गरम पाण्याने आंघोळी केल्या.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळाने संध्याकाळ, उजेड भरपूर होता, आम्ही किनाऱ्यावरच्या गाड्यावर चिप्स घ्यायला गेलो. अंतर ठेवून रांग लागली होती. तेवढ्यात हेलिकॉप्टर आलं. डोंगराचा माथा धुक्यात बुडालेला, आणि ते त्याच्या कडेकडेने घिरट्या घालत होतं. रांगेतले सगळे वर बघू लागले.

मला असल्या वेळी गप्प बसवत नाही. "कुणीतरी शहाणे अडकलेले दिसतात," मी नवऱ्याला म्हटलं. मग माझ्या पुढच्या बाईंनाही ऐकवलं, इंग्रजीत, की लोकांना डोंगराची काही समज नसते, हवा बघत नाहीत, कुणाचं ऐकत नाहीत, आणि मग यांच्यासाठी दुसऱ्यांनी जीव धोक्यात घालायचा.

बाई चांगल्या होत्या. "बिचारे," त्या म्हणाल्या. "नवरा-बायको आहेत म्हणे, इंडियन. तिचं जॅकेट पिवळं आहे. परत येतो सांगून गेले आणि आलेच नाहीत. वरच्या घरातला म्हातारा पार कोसळलाय. स्वतःच शोधायला निघाला होता, कसंबसं धरून आणलं त्याला."

माझं पिवळं जॅकेट माझ्या कमरेला बांधलेलं होतं. बाईंची नजर बोलता बोलता त्यावर गेली आणि त्या थांबल्या. मी नवऱ्याकडे बघितलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात, ते मला त्या दिवशी नेमकं कळलं.

मित्राने गाडी कशी हाणली मला आठवत नाही. आजोबांच्या घरासमोर गाड्याच गाड्या होत्या. लाल जॅकेटवाली माणसं, दोऱ्या, वॉकीटॉकी. त्यांतलं पगारी कुणी नव्हतं. कुणी शाळेत शिकवणारं, कुणी दुकान सोडून आलेलं, आणि काही जण त्या क्षणी वर धुक्यात, कड्याच्या तोंडाशी, आमच्या नावाने हाका मारायच्या तर नावही माहीत नाही, म्हणून नुसतंच "हॅलो" ओरडत फिरत होते. मी बचाव पथकाच्या प्रमुख बाईंपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "ते आम्हीच."

त्यांनी आधी वर गेलेल्यांना कळवलं. मग वळून म्हणाल्या, "यू आर ग्रँड. सापडलात ना, झालं."

ग्रँड म्हणजे इथे "ठीक आहे, काही बिघडलं नाही", आणि हे ग्रँड मला सहन होईना. आपल्याकडे कुणीतरी आवाज चढवला असता, अक्कल काढली असती, मग मी रडले असते आणि प्रकरण मिटलं असतं. इथे सगळे हेल्मेट काढत होते आणि जाताना मलाच धीर देत होते. एकाची पँट गुडघ्यावर फाटली होती, आतून रक्त येत होतं. तोही म्हणाला ग्रँड.

आवाज चढवणारी एकच होती. आजोबांची मुलगी. ती घराबाहेर, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी होती. मार्चपासून ती आठवड्यातून दोनदा सामान आणून त्याच खिडकीबाहेर ठेवायची आणि काचेतून बापाशी बोलायची. आजोबांची छाती आधीच नाजूक होती, म्हणून पाच महिन्यांत तिने उंबरा ओलांडला नव्हता. आणि आज आमच्यामुळे अनोळखी माणसांचा अख्खा ताफा त्या स्वयंपाकघरातून फिरला होता, नकाशे पसरून, ओल्या बुटांनी.

"मी त्यांना हातसुद्धा लावलेला नाही," ती म्हणाली. "माझ्या पोरांनाही लावू दिला नाही. आणि तुम्ही चिप्स खात होतात?"

माझ्याकडे होतं ते उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. आमच्या भाषेत निघताना येतो म्हणतात, बाई, त्याचा अर्थ येतो असा नसतो. ते तिला मी त्या वेळी काय सांगणार?

काचेतून आजोबा दिसत होते. चुलीजवळच्या खुर्चीत, खांद्यावर ब्लँकेट, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्यांनी मला पाहिलं आणि हात वर केला, सकाळसारखाच. खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर तीन कप उपडे ठेवले होते आणि फडक्याखाली कापलेला ब्रेड होता. तिसरा कप त्यांचा स्वतःचा.

पुढचे दोन आठवडे मी कामावर चुका केल्या. मुलीने माझा नंबर घेतला होता. "काही झालं तर कळवीन," एवढंच ती म्हणाली होती. त्यामुळे फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे आणि नाही वाजला तरी तो उघडून बघायचे. नवरा एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाला नाही. त्याने बूट मात्र जिन्याखालच्या कपाटात, अगदी मागे, टाकून दिले. आईला व्हिडिओ कॉलवर मी काही सांगितलं नाही. ट्रेक कसा झाला विचारलं तर मस्त म्हणाले.

फोन आला नाही. मग एका रविवारी आम्हीच गेलो. लांबूनच आजोबा दिसले, भिंतीशी काहीतरी खुडत होते, आणि मला रडू कोसळलं. नवऱ्याने गाडी थांबवून मला आधी ते आटोपू दिलं.

चहा झाला. ते भिंतीच्या आत, आम्ही बाहेर, कप दगडांवर. त्यांना सर्दीसुद्धा झाली नव्हती. मी नीट माफी मागितली आणि मग कसं झालं तेही सांगितलं. आमच्याकडे जातो म्हणणं अशुभ असतं, जातो म्हणणारा परत येत नाही असं मानतात, म्हणून येतो म्हणतात. आजोबांनी लक्ष देऊन ऐकलं. तो शब्द म्हणून दाखव म्हणाले. स्वतः दोनदा घोळवून पाहिला.

"चांगला शब्द आहे," ते म्हणाले. "पण मला म्हणू नका. मी वाट बघत बसतो."

आम्ही उठलो. कप भिंतीवर ठेवले. नवऱ्याच्या ओठांवर ते आलंच होतं, मी त्याचा हात दाबला. मला वाटलं होतं इंग्रजीत म्हणणं सोपं जाईल, पण त्यांना आमच्या भाषेतलंच हवं होतं. "तो दुसरा शब्द म्हणा, तुमचाच," म्हणून ते थांबले होते. आईचा दरडावलेला आवाज माझ्या कानात होता, आणि जीभ उचलत नव्हती.

"जातो आम्ही," मी म्हटलं.

आजोबांनी मान हलवली, तीनही कप उचलले आणि आम्ही गाडीपर्यंत पोचायच्या आत, मागे न बघता, दार लावून घेतलं.