उणे आठ मीटर

लिहायला बसण्याचे धाडस माझ्या स्वभावात नाही. हे पहिले वाक्य लिहितानाही मी दोनदा खुर्चीवरून उठलो आहे. नोकरीत असेपर्यंत मी फक्त टेस्ट रिपोर्ट लिहिले. रिपोर्टात 'मी' हा शब्द वापरायचा नसतो. 'निरीक्षण करण्यात आले' असे म्हणायचे असते, आणि माझ्यासारख्याला ते फार सोयीचे पडते. आता उतारवयात 'मी' म्हणून काही सांगू पाहतो आहे. हा आगाऊपणा वाचकांनी पोटात घालावा. सांगण्यासारखा प्रसंगही एकच आहे.

साठच्या दशकातल्या एका फेब्रुवारीत, दक्षिण जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डच्या डोंगरात, मी गुडघाभर बर्फात उभा होतो आणि सहा कुत्री माझे बूट चाटत होती. खरे तर त्या वेळी त्यांनी उलट दिशेला धावत असायला हवे होते. त्यांच्या मागे दोर होता, दोराला घसरगाडी होती, गाडीवर त्यांचे मालक उभे होते, आणि शर्यत सुरू होऊन जेमतेम अकरा मिनिटे झाली होती.

"हेर लेले," मालक शांतपणे म्हणाले, "माझा स्टाफ तुमच्याकडे का आला आहे?"

हेर म्हणजे श्रीयुत, आणि लेले म्हणजे मी. याचे उत्तर देण्याआधी मी तिथे का होतो ते सांगितले पाहिजे.

पुण्याहून मी डॉक्टरेटसाठी जर्मनीत आलो होतो. ती मिळाल्यावर लुडविग्सहाफेनच्या एका लहानशा प्लास्टिक कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो. नोकरी कच्ची होती. एक वर्षाची प्रोबेत्साइट, म्हणजे आपले प्रोबेशन, मार्चअखेर संपत होती. नोकरी पक्की झाली तर कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या मिळणार होत्या आणि माझी पत्नी नलिनी हिला इकडे येता येणार होते. नाही झाली, तर मला बोटीचे तिकीट काढून परत जायचे होते. लग्न झाल्यावर आम्ही सव्वीस दिवस एकत्र राहिलो होतो. पुढचा सगळा संसार पत्रांतून चालला होता.

आमचा कारखाना स्कीच्या आणि घसरगाडीच्या तळाला लावायची प्लास्टिकची पट्टी बनवत असे. बर्फावर गाडी सरकते ती थेट बर्फावरून नाही. घर्षणाने किंचित उष्णता होते, पट्टीखालचा बर्फ वितळतो, आणि पाण्याच्या कागदाहून पातळ थरावरून गाडी जाते. पट्टी किती तापते यावरून ती चांगली की वाईट ते कळते. मी एक नवी पट्टी तयार केली होती. तिची टेस्ट लांब पल्ल्यावर, खऱ्या बर्फावर व्हायची होती. त्यासाठी कुत्र्यांच्या गाड्यांची दोन दिवसांची, साठ-एक किलोमीटरची शर्यत निवडली होती. एका गाडीच्या डाव्या पायाला जुनी पट्टी, उजव्या पायाला नवी. मी मागोमाग जायचे, दर अर्ध्या तासाला गाडी थांबवून दोन्ही पट्ट्यांचे तापमान एका मिनिटाच्या आत घ्यायचे.

आमच्या लॅबचे प्रमुख डॉक्टर ब्रांट. ते अनावश्यक शब्द बोलत नसत.

"तुम्हाला स्की येते?"

"नाही."

"घोड्यावर बसता येते?"

"घोड्यावर नाही. घोड्याच्या मागे बसता येईल."

"आल्झो, तर मग मागे बसा. हा रिपोर्ट चांगला आला तर मी तुमची शिफारस करीन. वाईट आला तर करणार नाही."

मी त्यांचे आभार मानले. का, ते आजही सांगता येत नाही.

ही बातमी मी नलिनीला कळवली. उलट टपाली तिचे पत्र आले: "अहो, बर्फात जाणार असे लिहिलेत. रोज सकाळी तळपायांना तूप चोळून मगच मोजे घाला. काशाची वाटी तुमच्या ट्रंकेत तळाशी ठेवली आहे. ती अजून काढलीही नसेल. टाळाटाळ करू नका, मला इथून कळते."

वाटी खरोखरच काढली नव्हती. साजूक तुपाचा डबा मात्र होता, तिनेच कुणाबरोबर तरी पाठवलेला. शर्यतीच्या सकाळी गावातल्या खाणावळीच्या खोलीत मी पलंगावर बसलो आणि वाटीने तळपाय चांगले काळेशार होईपर्यंत चोळले. बोटांना तूप उरले. खाणावळीच्या मालकिणीने बजावले होते की बर्फात चामड्याला वंगण हवे. तूप वाया का घालवा, म्हणून मी बोटे बुटांना पुसली. मग थोडे आणखी घेतले.

आता ती शर्यत. गाडीचे मालक हेर होल्त्सर हे निवृत्त स्टेशनमास्तर होते. जुनी रेल्वेची टोपी घालून, शिट्टी वाजवून ते गाडी सोडत. कुत्र्यांना ते 'स्टाफ' म्हणत आणि सगळ्यांशी अहो-जाहो करत. सर्वांत पुढे डोरा नावाची करडी कुत्री होती. मागे, घोड्याच्या बर्फगाडीत, मी. घोड्याचे नाव मॅक्स. त्याला हाकणाऱ्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, वेरले जंगलातून लाकडाचे ओंडके ओढून आणण्याचा धंदा करत. नवरा गेल्यावर घोडा आणि धंदा दोन्ही त्यांनीच सांभाळले होते.

शिट्टी झाली. कुत्री सुसाट सुटली. मग वारा आमच्या पाठीकडून त्यांच्याकडे वाहू लागला. डोरा थांबली. तिने नाक वर केले आणि सगळी गाडी वळवून माझ्याकडे आणली. काय झाले ते पाहायला मी बर्फात उतरलो.

"डोरा, आपण दिशा चुकला आहात," होल्त्सर म्हणाले. डोराचा तसा समज दिसत नव्हता.

फ्राऊ वेरले यांनी वाकून माझ्या बुटाचा वास घेतला. "लोण्याचा वास येतोय. हेर डॉक्टर, तुम्ही भाजून निघायच्या तयारीने आला आहात काय?"

मी तुपाची, वाटीची आणि पत्नीच्या पत्राची हकीकत जमेल तितक्या थोडक्यात सांगितली. होल्त्सर यांनी ती लक्षपूर्वक ऐकली. "पत्नीची लेखी सूचना होती," ते म्हणाले. "मग तुमचा इलाज नव्हता."

आम्ही उपाय सुरू केले. आधी मी बूट बर्फाने घासले. थंड पाण्याने तूप निघत नाही, हे रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला सांगायला नको. मी ते केवळ सौजन्य म्हणून केले. मग फ्राऊ वेरले यांनी माझ्या पायांवर घोड्याचे कांबळे टाकले. कुत्री कांबळ्याकडे बघत बसली. मग मी सुचवले की मी बराच मागे राहतो. ते जमण्यासारखे नव्हते. शर्यतीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक गाडीमागे एक बेग्लायटर, म्हणजे सोबतीचा साक्षीदार, असलाच पाहिजे होता. कुत्र्यांना कोणी मारत नाही ना, हे त्याने पाहायचे. त्याचे अंतर पन्नास मीटरपेक्षा जास्त झाले की गाडी बाद. आमच्या गाडीचा बेग्लायटर मीच होतो.

तोवर दोन गाड्या आमच्या शेजारून निघून गेल्या. मी मनाशी हिशेब केला. गाडी बाद, म्हणजे टेस्ट बाद. टेस्ट बाद, म्हणजे दोन खोल्या बाद.

"मॅक्सच्या ओटचा डबा मी त्याच्या शेपटीला बांधत नाही," फ्राऊ वेरले म्हणाल्या. "यांना पुढे घ्या."

दुसरे काहीच सुचत नव्हते. बर्फगाडी पुढे घेतली. मी मागच्या कडेला, कुत्र्यांकडे तोंड करून, पाय उचलून बसलो. डोराचे नाक माझ्या टाचांपासून हातभर अंतरावर. शिट्टी झाली. मॅक्स निघाला, आणि त्याच्या मागे सगळा स्टाफ तालात धावू लागला.

पहिल्या तपासणी नाक्यावर पंच उभे होते. उंच, सडपातळ, हातात फॉर्म. त्यांनी आधी घोड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग बराच वेळ माझ्या पायांकडे.

"बेग्लायटर पुढे का आहे?"

"मागे असला की कुत्री मागे जातात," होल्त्सर म्हणाले.

"फॉर्मवर 'गाडीमागील अंतर' असा कॉलम आहे. 'गाडीपुढील' असा नाही. मी काय लिहू?"

एरवी अशा वेळी मी बोलत नसतो. पण मला त्या दोन खोल्या दिसत होत्या.

"माफ करा," मी म्हणालो. "उणे आठ लिहिता येईल."

"उणे?"

"कुत्र्यांच्या दोरासकट माझ्यापासून गाडी आठ मीटरवर आहे. मी तितकाच उलट बाजूला आहे. आणि नियम म्हणतो, अंतर पन्नासपेक्षा जास्त नसावे. उणे आठ हे पन्नासपेक्षा कमी आहे."

पंचांनी पेन्सिल कानामागे लावली. खिशातून नियमांची पुस्तिका काढली, ते कलम दोनदा वाचले.

"कमीत कमी किती असावे, हे दिलेले नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

"गेनाऊ, अगदी बरोबर." त्यांनी उणे आठ लिहून शिक्का मारला. त्यांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसले.

नंतरचा सगळा दिवस मी उलटा बसून काढला. कुठे चाललो आहोत ते मला दिसत नव्हते. कुठून आलो ते मात्र स्पष्ट दिसत होते. मागून येणाऱ्या गाड्या आम्हाला गाठत, वळसा घालून पुढे जात. एका गाडीमागचा स्कीवाला जाताजाता टोपी काढून म्हणाला, "भूक लागली असेल त्यांना." दर अर्ध्या तासाला मी उतरत असे, रीडिंग घेत असे, आणि त्या एका मिनिटात माझे बूट पुन्हा स्वच्छ होत असत.

मॅक्सचा वेग बदलत नव्हता. मी तसे म्हणालो, तेव्हा फ्राऊ वेरले मागे न बघता बोलल्या, "कधीच नाही बदलला. चढावर नाही, उतारावर नाही. माझ्या नवऱ्याची शवपेटी ओढतानाही हाच."

"तुम्हाला वाईट वाटले असेल."

"का? नवरा कुठे घाईत होता?"

दिवसाचा टप्पा संपला तेव्हा आम्ही शेवटून पहिले होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटी हातात घेऊन विचार करत बसलो. खाणावळीत गरम पाणी होते, साबण होता. पाय धुतले, कोणाचे तरी बूट मागून घातले आणि कुत्र्यांच्याच गाडीवर बसलो, तर कुत्री सरळ धावली असती आणि होल्त्सर यांना निदान एखादी गाडी गाठता आली असती. पण मग आजचा वेग कालच्यापेक्षा निराळा झाला असता आणि कालची रीडिंग आजच्याला जुळली नसती. दोन दिवसांच्या टेस्टमध्ये अर्ध्यावर परिस्थिती बदलायची नसते. हा माझ्या धंद्याचा पहिला नियम. पण शर्यत माझी नव्हती. मी वाटी घेऊनच खाली गेलो. होल्त्सर कुत्र्यांना पाणी पाजत होते.

"हेर होल्त्सर, मी पाय धुऊ की नको? तुम्ही म्हणाल तसे करतो."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर शर्यतीचे वेळापत्रक होते, त्यांनी स्वतः महिनाभर आधी तयार केलेले. प्रत्येक नाक्यापुढे वेळ लिहिली होती आणि कालच्या प्रत्येक वेळेपुढे लाल खूण होती.

"हे मी दरवर्षी बनवतो," ते म्हणाले. "स्टाफ फार वेगाने जातो आणि मी दरवर्षी लवकर पोहोचतो. काल पहिल्यांदाच सगळ्या नाक्यांवर वेळेवर पोहोचलो. कृपा करून धुऊ नका."

मी वर जाऊन दोन चमचे तूप मोजून घेतले आणि दोन्ही तळपाय चोळले. या वेळी प्रमाण वहीत नोंदवले.

आम्ही शेवटचे आलो. आमच्या आधीची गाडी केव्हाच आली होती. बँडवाले वाद्ये पेट्यांत भरत होते, त्यांतला एकजण पुन्हा ट्रम्पेट काढून आमच्यासाठी थोडे वाजवून गेला. होल्त्सर यांनी घड्याळ पाहिले, टोपी सरळ केली आणि माझ्याशी हस्तांदोलन केले. "नोकरीतही इतकी वक्तशीर गाडी मी चालवली नव्हती," ते म्हणाले.

सोमवारी डॉक्टर ब्रांट यांनी रिपोर्ट पूर्ण वाचला. मी समोर उभा होतो. बसायला सांगितले होते, पण मी उभाच होतो.

"रीडिंग सुंदर आहेत," ते म्हणाले. "वेग दोन दिवस एकसारखा. कुत्र्यांच्या गाडीत असे होत नाही. नवी पट्टी सगळीकडे कमी तापली. हे उणे आठ काय आहे?"

मी सगळे सांगितले. लपवण्याइतके धैर्य माझ्याजवळ नव्हते.

"म्हणजे तुम्ही त्यांच्या मागे गेला नाहीत."

"नाही."

"ते तुमच्या मागे आले."

"हो."

"हे साहित्याच्या यादीत का लिहिले नाही? उद्या दुसऱ्या कोणी ही टेस्ट करायची म्हटली तर तो कशी करणार?"

मी तिथेच रिपोर्टात भर घातली: साजूक तूप, दोन चमचे, काशाची वाटी, एक.

"हे इथे मिळते?"

"नाही. पुण्याहून येते. माझी पत्नी पाठवते."

ब्रांट यांनी शिफारसपत्र लिहायला घेतले. ते पुढे फाइलमध्ये माझ्या पाहण्यात आले. त्यात माझ्या ज्ञानाबद्दल एक वाक्य होते. बाकीचा परिच्छेद असा होता, की टेस्टची पद्धत कारखान्याला हवी आहे, तिचे साहित्य केवळ हेर लेले यांच्या कुटुंबाकडून मिळते, सबब त्या कुटुंबाने लुडविग्सहाफेनला राहणे इष्ट आहे.

नलिनी जूनमध्ये आली. सामानात तुपाचे दोन डबे होते. वसाहतीतल्या दोन खोल्या तिने पाहून घेतल्या, मग ट्रंक उघडून तळाशी हात घातला.

"अहो, वाटी कुठे आहे?"

"लॅबमध्ये. कपाटात. तिला नंबर दिला आहे."

तिने दुसरी वाटी आणली होती.

पुढे मी त्याच लॅबचा प्रमुख झालो. चौदा माणसे माझ्या हाताखाली होती. मी म्हणेन त्या दिशेला ती मुकाट्याने चालत आणि लोक मला चांगला प्रमुख म्हणत. मी तेव्हाही बहुधा उलटाच बसलेलो होतो. पुढचे मला कधी फारसे दिसले नाही. त्या दोन दिवसांनी मला इतकेच शिकवले, की कोणी मागे येऊ लागले तर आधी आपले बूट तपासावेत. मी तपासत असे. पण स्वतःच्या बुटांचा वास स्वतःला येत नाही, म्हणून विचारतो: तुमच्या मागे जे येतात, ते कशासाठी येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का?