पत्नीच्या रकान्यावरची रेघ

विनिफ्रेड ऑल्डक्रॉफ्टच्या टेबलावर सहाशे पन्नास खासदार असत. प्रत्येकाचं एक कार्ड: पक्ष, मतदारसंघ, घरचा फोन, पत्नी, मुलं. त्यावरून आमची लंडनमधली छोटी प्रकाशनसंस्था दरवर्षी संदर्भपुस्तक काढायची. मी शेजारी बसून वरच्या सभागृहातल्या लॉर्डमंडळींची यादी बघायची. विनी लंडनच्याच लुइशम भागात बहिणीबरोबर राहायची, चारचौघींसारखीच. चूक मात्र तिला खपत नसे. एकदा कुणाच्या तीन मुलांऐवजी दोनच छापली गेली, तर ती त्या तिसऱ्या मुलाची माफी मागून आली होती.

दर सप्टेंबरला छापील नोंद खासदाराकडे जायची आणि दुरुस्त होऊन सहीनिशी परत यायची. काही खोडलेलं दिसलं की घरी फोन करून खात्री करायची, हा विनीचा नियम.

हॅस्टन नावाच्या खासदारांचा कागद अकरा वर्षं निळ्या शाईत, नेटक्या बायकी अक्षरात यायचा. त्या वर्षी काळ्या शाईत आला. पत्नीच्या नावावर एकच जाड रेघ, खाली सही.

"गेली वाटतं बिचारी," विनी म्हणाली. "बातमी माझ्या नजरेतून सुटली कशी?"

तिनं फोन लावला. पलीकडे नेहमीचीच सेक्रेटरी होती.

"मी ऑल्डक्रॉफ्ट, यादीवाली."

"ओळखलं की. आमचा कागद मिळाला नाही म्हणून रागवायला ना?"

"नाही हो, तो आलाय. फार वाईट वाटलं. मिसेस हॅस्टन कधी गेल्या, तेवढी तारीख हवी होती."

फोन कट झाला की काय, असं विनीनं मला खुणेनं विचारलं. मग तो आवाज आला, इतका स्वच्छ की मलाही ऐकू गेला.

"मीच मिसेस हॅस्टन. काय लिहिलंय त्यात?"

कितीतरी खासदारांचं टपाल त्यांच्या बायकाच सांभाळतात, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तरी अकरा वर्षं विनी तिला सेक्रेटरीच समजत आली होती; नाव कधी विचारलं नव्हतं. चुकून झालं म्हण, असं मी हातानं सांगत होते. विनीनं कागद समोर ओढला.

"तुमच्या नावावर रेघ मारलीय. सही त्यांची आहे."

"म्हणजे तुम्ही मला खोडणार?"

"तुमचा घटस्फोट झालाय?"

"मला कसं माहीत असणार? मला तर आत्ता तुमच्याकडून कळतंय."

संध्याकाळी आमचे संपादक लोमॅक्स येऊन उभे राहिले. "विनी, सही त्याची आहे. तो म्हणतो ते छाप आणि मोकळी हो."

"सही खरी आहे, साहेब. मजकूर खोटा आहे."

"नवराबायकोच्या भानगडीत आपण कशाला पडायचं?"

"मी कुठे पडतेय? आज ती त्याची बायको आहे. मग दुसरं काय छापू?"

लोमॅक्सनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

जानेवारीत पुस्तक निघालं, तिच्या नावासकट. चौथ्या दिवशी हॅस्टनचा फोन आला. तो काय काय बोलत होता ते मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं. असली भाषा सभागृहात चालली नसती. विनीनं सगळं ऐकून घेतलं.

"कोर्टाचा कागद पाठवा, सर," ती म्हणाली. "ज्या दिवशी येईल त्याच दिवशी खोडते."

फोन ठेवून तिनं हॅस्टनचं कार्ड पुन्हा जागेवर लावलं. मी माझी खुर्ची तिच्याजवळ ओढली.