दस्तीखाली कापणारा हात

मला काहीतरी झालंय हे बायकोला कळलं ते वांग्यांमुळे. कळमनुरीच्या बाजारातून मी वांगी आणली. तिनं नेहमीसारखा भाव विचारला, मी सांगितला.

"त्यानं किती सांगितला होता?"

"तेवढाच."

"आन तुमी तेवढ्यालाच घेतली? काहून?"

"कंटाळा आला."

तिनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ताप असता तर तिला बरं वाटलं असतं. आमच्या लग्नात अक्षता पडेपर्यंत मी मांडववाल्याशी घासाघीस करत होतो, ते तिनं अंतरपाटापलीकडून ऐकलं होतं. असा माणूस वांगी सांगितल्या भावानं घेऊन येतो, म्हणजे त्याच्या आत काहीतरी मोडलं आहे, हे तिनं त्याच क्षणी ओळखलं. मला मात्र ते कळायला बरेच महिने लागले.

मी बैलांचा दलाल आहे. माझं गाव साखऱ्याजवळचं. बापानं जन्मभर दुसऱ्यांची ढोरं राखली. मी बैलाचे दात बघायला शिकलो, चाल बघायला शिकलो आणि मग माणसं बघायला शिकलो. आमचा सौदा तोंडानं होत नाही. दलाल आणि मालक हातावर दस्ती टाकतात, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतात. जितकी बोटं धरली तितका आकडा. अख्खा पंजा धरला की पाच. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. या धंद्यात माझ्या हाताला मान होता. पकड अशी की समोरच्याला आकड्याची शंका म्हणून येऊ नये.

तोच हात कापायला लागला.

एका बाजारात दस्तीखाली मी मालकाची चार बोटं धरली, माझा थरथरता हात त्याच्या पाचव्या बोटालाही लागला, आणि त्यानं पाच मोजले. दस्ती काढल्यावर तो पाच म्हणतोय, मी चार म्हणतोय. भांडण जुंपलं. धंद्यातला माझा जोडीदार, ज्याच्याबरोबर मी अर्धं आयुष्य काढलं, त्यानं माझी बाजू घ्यावी की नाही? तो भर बाजारात हसून म्हणाला, "अरे, याच्या हाताला आता घुंगरं बांधा रे, नाचतोय बघा कसा!"

सगळा बैलबाजार हसला. काही बैलही हसल्यासारखे वाटले. हे मी विसरलेलो नाही आणि विसरावं असं मला कुणी सांगूही नये.

त्यानंतर बाजाराचा दिवस उजाडला की छातीत धडधड, तळहाताला घाम, श्वास अर्ध्यात अडकलेला. काही ना काही कारण सांगून मी घरीच राहायचो. मग हळूहळू कारणही सांगेनासा झालो. भिंतीकडे तोंड करून पडायचं. जेवणाला चव नाही, भांडायला जीव नाही. शेजाऱ्यानं आमच्या बांधावर सरळ काटेरी कुंपण घातलं आणि मी त्याला "बरं" म्हणालो. हा दलाल आता संपला, हातही गेला आणि धंदाही गेला, एवढं एकच डोक्यात फिरायचं.

शेवटी बायकोनं हिंगोलीला नेलं. डॉक्टरनं छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. काळीज ठणठणीत आहे म्हणाला. मग म्हणाला, समुपदेशन करणाऱ्या मॅडमकडे जाऊन या.

मी बाहेर येऊन भडकलो. "मी येडा हाय का?"

"येडे असता तर मी कवाच माहेरी गेले असते," बायको म्हणाली. "चला गुमान."

मॅडम माझ्या पोरीच्या वयाच्या. बायकोला त्यांनी बाहेर बाकड्यावर बसवलं आणि मला विचारलं, "काका, भीती किती वाटते? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही इतकी. आकडा सांगा."

आता, पहिला आकडा कधीच खरा सांगायचा नसतो. हे मला बापानं नाही, बाजारानं शिकवलं आहे. मी म्हणालो, "दोन."

"आणि उदास वाटतं?"

"एक."

"झोप?"

"बराबर लागते."

"जेवण?"

"झकास."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग चांगलंच आहे की काका. सध्या तरी तुम्हाला परत यायची गरज दिसत नाही. काही वाटलं तर या."

मी बसूनच राहिलो. मी दोन म्हणल्यावर त्यांनी "काहीतरीच काय, आठ तरी असेल" म्हणायचं, मी नाही नाही म्हणायचं, असं करत कुठंतरी खऱ्यावर यायचं, असा माझा हिशोब. या बाईंनी पहिला आकडा तसाच उचलला! असा सौदा माझ्याशी आजवर कुणी केला नव्हता. आणि स्वतःच सांगितलेला आकडा स्वतःच वाढवायचा, ही तर आमच्यात बेअब्रू. उठावं तर पाय उठेनात.

मॅडमनी ते बघितलं असावं. त्यांनी विचारलं, "काकूंना आत बोलवू का? तुमची हरकत नसेल तरच." मी होकाराची मान हलवली.

बायको आली. "काय सांगितलं यांनी?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी परत मान हलवली. "भीती दोन म्हणाले."

"मॅडम," बायको म्हणाली, "यांचा पयला आकडा कंदी खरा असतो का? मी दलालाचीच पोरगी हाय." आणि तिनं सरळ माझ्या हातावर पदर टाकला. पदराखालून आपला हात दिला. "हं. बोला आता."

मी तिचा अख्खा पंजा धरला. सोडला. मग चार बोटं धरली. माझा हात कापतच होता, पण तिला आकडा चुकला नाही.

"नऊ," ती म्हणाली. पदर मात्र तिनं लगेच काढला नाही.

तिथून खरं बोलणं सुरू झालं. मॅडमनी सांगितलं की चिंतेत शरीर पळायच्या तयारीत असतं; समोर वाघ नसला तरी काळीज वाघ आल्यासारखं धावतं. उदासीत तेच शरीर हरल्यासारखं बसून जातं. पुष्कळदा ही दोन्ही जोडीनंच येतात. हा आजार आहे, नाटक नाही आणि येडेपणाही नाही. गोळ्या लागतील का ते मनाचे डॉक्टर बघतील. इथं आपण बोलायचं आणि थोडं थोडं करून बघायचं. दर आठवड्याला या म्हणाल्या. मी महिन्यातून एकदा म्हणालो.

"काका, कमी वेळा येऊन तुमचा काय फायदा?"

फायदा काहीच नव्हता. पण भाव केल्याचं समाधान झालं, आणि बायकोच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू दिसलं. जायचं दर आठवड्यालाच ठरलं.

एकदा मॅडमनी सहज विचारलं, "पुलाला बुजलेल्या बैलाचं तुम्ही काय करता?"

मी खुलून सांगितलं: त्याला मारायचं नाही, आणि दुसऱ्या वाटेनं न्यायचं तर अजिबातच नाही, नाहीतर तो जन्मभर त्या पुलाला बुजतो. पुलाजवळ उभा करायचा, वास घेऊ द्यायचा, थांबायचं. रोज एक पाऊल पुढं.

"आणि तुम्ही बाजारात जायचं सोडून दिलंय," मॅडम म्हणाल्या.

माझ्याच तोंडून माझा भाव काढला त्यांनी! मनातल्या मनात मी दाद दिली. वर दाखवली नाही.

मग कामं मिळाली. आधी बाजाराच्या फाटकापर्यंत जायचं. मग आत जायचं, सौदा करायचा नाही, नुसतं उभं राहायचं, श्वास सावकाश सोडायचा आणि भीती ओसरेपर्यंत पळायचं नाही. बैलबाजारात नुसता उभा राहणारा माणूस म्हणजे एक तर चोर नाही तर जावई. पण उभा राहिलो. भीती चढली, खूप चढली, आणि मग खरंच उतरली. आपोआप उतरते हे मला माहीतच नव्हतं; तेवढा वेळ मी कधी थांबलोच नव्हतो.

असाच उभा असताना एका तांड्यावरचा म्हातारा आपली जोडी घेऊन आला. "दलाल, माझा सौदा तुमीच करा. दुसऱ्यावर माझा भरोसा न्हाई."

तेवढ्यात जोडीदार आलाच. "काय गड्या, घुंगरं आणली का?"

डोकं सणकलं. तोंडात आलेली शिवी मी गिळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "न्हाई आणली. पण हात कापतो माझा. धास्तीचा आजार हाय, इलाज चालू हाय. बाबा, नीट ऐका. दस्तीखाली कापलेलं मोजायचं न्हाई, धरलेलं तेवढंच मोजायचं. गिऱ्हाइकालाबी मी हेच सांगून देतो."

म्हातारा म्हणाला, "माझाबी कापतो की म्हातारपणानं. दोघं मिळून कापू."

या वेळी लोक हसले ते मला टोचलं नाही. सौदा झाला. आकड्यावरून तंटा झाला नाही. ठरवून दिल्यापेक्षा मी जास्तच केलं होतं, त्याबद्दल मॅडमशी नंतर वाद घातला, पण तो आनंदाचा.

जोडीदार सौदा संपेपर्यंत तिथंच घुटमळत होता. मग चहाच्या गाड्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. "मला वाटलं त्या दिवशी तू पिऊन आला होतास."

"कंदी पिताना बघितलं का मला?"

"न्हाई."

"मंग विचारायचं होतं."

"काय विचारायचं?"

खरंच की. बैलाची भूक, झोप, चाल सगळं विचारतो आम्ही. माणसाला काय विचारायचं ते आमच्यात कुणालाच येत नाही. त्यानं बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "नेमकं काय होतं तुला?" मी सांगितलं. त्यानं मधे दोनदा तोंड घातलं, मी दोनदा ओरडलो. पण शेवटपर्यंत ऐकलं त्यानं.

माफी मात्र मागितली नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच दारात त्याची मोटारसायकल थांबली आणि हॉर्न वाजायला लागला.

"माफी मागायला आलेत वाटतं," बायको म्हणाली.

"माफीला हॉर्न असतो का?"

"दलालाच्या असंल. जा आता."

छातीत थोडी धडधड होती. दस्ती खांद्यावर टाकली. त्याला अजून थोडा वेळ हॉर्न वाजवू दिला, आणि मग जाऊन मागे बसलो.