दशांशानंतर सोळा शून्यं

प्रेमला गद्रे मॅडमनी आमच्या कॉलेजात एकोणतीस वर्षं मॅट्रिक्स शिकवलं, तेही खडूने. एका ओळीतून दुसरी वजा करत खाली शून्यं आणायची आणि समीकरणांची उत्तरं वाचून दाखवायची, यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. गणितं त्या स्वतःच रचत, त्यामुळे सगळे आकडे पूर्णांकातच असत. उत्तरात कोणी ‘जवळजवळ’ लिहिलं, की दोन गुण गेलेच म्हणून समजा.

यंदा विषय कॉम्प्युटर लॅबमध्ये गेला. हेच काम करणारा प्रोग्राम लिहून समितीला दाखवा, नाहीतर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं परीक्षा विभागात पाकिटं सील करा, असा पर्याय मॅडमना मिळाला. आमच्याकडे याला पर्याय म्हणतात.

मॅडमनी महिनाभर डोळे फोडून प्रोग्राम लिहिला. तपासला मात्र स्वतःच्याच गणितांवर.

समितीत विभागप्रमुख अनिरुद्ध होता, त्यांचाच जुना विद्यार्थी. लॅब मी सांभाळतो, म्हणून दारापाशी उभा होतो. अनिरुद्धने तीन समीकरणं दिली, आकडे दशांशातले. मॅडम नुसतं बघून म्हणाल्या, "तिसरं समीकरण म्हणजे पहिल्या दोन्हींची बेरीज. उत्तरं अनंत आहेत." त्यांनी बटण दाबलं. स्क्रीनवर एकच उत्तर आलं, अगदी ठामपणे.

तिसऱ्या ओळीत शून्य यायला हवं होतं. तिथे दशांशानंतर सोळा शून्यं आणि मग दोन आला होता. मशीन दशांश थोडे तोडून साठवतं, त्यातला हा उरलेला कचरा. प्रोग्रामने त्याला खरा आकडा मानून त्यानेच भागलं होतं.

"अरे, हे शून्यच आहे," मॅडम म्हणाल्या.

"मशीनला तसं सांगावं लागेल, मॅडम," अनिरुद्ध म्हणाला. "अमुक इतक्याहून लहान असेल, तर शून्य धर."

"म्हणजे जवळजवळ."

अनिरुद्धने मान खाली घातली. मॅडमनी एकदा दाराकडे पाहिलं. मला त्यांची फार कीव आली, आणि समितीचा राग.

मॅडमनी ती एक ओळ टाइप केली. उत्तर बरोबर आलं. विषय त्यांच्याकडेच राहिला.

अनिरुद्ध सोडून बाकीचे गेले तरी मॅडम खुर्चीतून उठेनात. "अनिरुद्ध, दुसऱ्या वर्षाला याच शब्दासाठी तुझे दोन गुण कापले होते मी."

"बरोबर केलंत, मॅडम. कागदावर ते शून्यच होतं. चूक माझी होती."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "आता दोन वर्षं मुलांना तुझी चूक शिकवायची."